मिशीवाल्या राजाचा कोंडवाडा

दगडाबाईंच्या शेडमध्ये एकशेचोवीस गठ्ठे असे पडून होते, की जे फुकट न्यायलाही कोणी तयार नव्हतं. दगडाबाई मात्र एकशेचोवीस म्हणत नसत. सहा कोडी आणि चार, असं म्हणत. विसाची एक कोडी. मेंढ्या अशाच मोजतात, आणि अर्धं आयुष्य मेंढ्यांमागं काढल्यावर उरलेल्या अर्ध्यासाठी नवं मोजमाप शिकावं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

शेड चिकलठाण्याच्या पलीकडं. शहराचा सुका कचरा तिथं यायचा आणि बाभूळबन महिला संस्थेच्या बावीस बाया तो निवडायच्या. त्यांच्या मुकादम दगडाबाई. बाटलीला गिऱ्हाईक होतं, पुठ्ठ्याला होतं, दुधाच्या पिशवीला तर भंगारवाले भांडत. गिऱ्हाईक नव्हतं ते चकचकीत पाकिटांना. चिवडा, वेफर्स, शेवेची पाकिटं. बाहेरून प्लास्टिक, आतून चांदीचा मुलामा, आणि दोन्ही एकमेकांना इतके चिकटलेले की कुठल्याही यंत्रानं ते सुटे होत नाहीत. दुसऱ्या शेडवाल्या बाया ही पाकिटं सरळ बाजूला लोटायच्या. पुढं ती नाल्यात जायची, नाहीतर काडीपेटीच्या स्वाधीन व्हायची.

दगडाबाईंना ते जमेना. लंगडी आहे म्हणून मेंढी रानात सोडून यायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. शिवाय एकाच्या कळपात दुसऱ्याचं जनावर ठेवायचं नाही, ही दुसरी सवय. म्हणून त्यांनी पाकिटंसुद्धा कंपनीवार वेगळी केली. वाचता येत नव्हतं, पण खूण ओळखता येत होती. कोणाच्या पाकिटावर वाघ, कोणाच्या पाकिटावर मिरची. सगळ्यांत जास्त पाकिटं निघाली मिशीवाल्या राजाची. पिळदार मिशा, डोक्यावर फेटा, हातात चिवड्याची वाटी. ही खमंगराज कंपनी. कारखाना बिडकीनच्या बाजूला, खाणारे सगळ्या बाजूंना. वाघ आणि मिरची कोपऱ्यात मावले. मिशीवाल्या राजानं तीन वर्षांत शेडची पूर्ण मागची भिंत अडवली. कळपातल्या कोकराच्या कानाला जशी खूण करतात, तशी प्रत्येक गठ्ठ्याच्या दोरीला महिन्याप्रमाणं रंगीत लोकर बांधलेली होती. तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, बाईंनी गठ्ठे सजवलेत.

संस्थेचा सचिव अजिनाथ हा दगडाबाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. माणूस सरळ, रजिस्टर कोरं ठेवायचं पाप त्यानं कधी केलं नाही. पण ज्या रकान्यात आकडा नाही ती वस्तू जगात नाही, असा त्याचा समज. दिवाळी झाल्यावर त्यानं बैठकीत विषय काढलाच.

"मावशी, ही चांदी आता सराफाला दाखवा. जागेचं भाडं आपण भरायचं आन् राहणार ह्यो मिशीवाला."

"राहू दे. खातो का काय तुझं?"

"जागा खातो की. तिथं दुसरं गठ्ठ्याचं मशीन बसंल. सगळ्या बायांचा रोज वाढंल. इचारा त्यांना."

बायांकडं बघायची गरज नव्हती. बारा-तेरा जणी जमिनीकडं बघत होत्या, आणि आपल्याकडं न बघणारा माणूस कोणाच्या बाजूचा असतो, हे दगडाबाईंना कळत होतं. चतुराबाई तेवढी बोलली, "मुकादम, तुमचं खोटं नसंल. पर मशीन आलं तर बरं हुईल."

"पाडव्यापर्यंत थांबा," दगडाबाई म्हणाल्या. "तवर ह्या गठ्ठ्यांचा रुपया नाय झाला तर माझ्या हातानं शेड मोकळी करते. आन् मुकादमकी पण सोडते. जिला लंगडं जनावर ओळखू येत नाय तिनं कळप हाकू नाय."

अजिनाथनं हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं. त्याला त्यातलं शेवटचं फार आवडलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला सुलेखा एक कागद घेऊन आली. सुलेखा ही दगडाबाईंची सून, बी. कॉम. झालेली, शेडच्या पावत्या तिच्याकडं. राज्य सरकारनं नव्या कायद्याचा मसुदा काढला होता, आणि हरकती-सूचना मागवल्या होत्या.

"आत्या, निवांत ऐका. जी कंपनी पाकिटात घालून माल विकंल, तिनं किलोमागं शुल्क भरायचं. आन् ते शुल्क कोणाला? जे ती पाकिटं गोळा करून ठेवत्यात त्यांना."

दगडाबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. "म्हंजी आपल्याला?"

"व्हय. पण खाली एक कलम हाय. जी कंपनी लिहून दिल की आमचा सगळा माल आम्हीच परत उचलतो, तिला शुल्क माफ."

"लिहून दिलं की झालं?"

"मसुद्यात तरी तेवढंच हाय. सोमवारी, तीस तारखेला, आपल्या इथंच सुनावणी हाय. कंपन्या येणार, आपल्यासारखेबी येऊ शकत्यात."

दगडाबाईंनी मागच्या भिंतीकडं पाहिलं. सहा कोडी आणि चार मिशीवाले राजे त्यांच्याकडं बघून हसत होते.

त्यांना आठवले त्यांचे सासरे, त्रिंबक. एकदा गंगापूरकडं मेंढ्या उसात घुसल्या आणि सगळा कळप कोंडवाड्यात गेला. दंड ऐकून त्रिंबक म्हातारा म्हणाला, मेंढ्या माझ्या नाहीतच. कारकून म्हणाला, बरं झालं, मग लिलाव करतो, घरी जा. म्हातारा दिवसभर दारात उभा. आतून मेंढ्या त्याला ओळखून ओरडत होत्या. दिवस मावळताना त्यानं अंगठा उमटवला: मेंढ्या माझ्या आहेत. त्या अंगठ्यानंतरच दंडाची पावती फाटली, एक मिनिट आधी नाही. तेव्हा नवी नवरी असलेल्या दगडाबाईंच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली. मालक ठरला, की दंड आपोआप ठरतो. आधी मालक ठरवून घ्यायचा.

सुनावणीच्या आधीच्या बुधवारी शेडसमोर पांढरी गाडी थांबली. आतून उतरलेला तरुण, अभय, खमंगराज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि त्याचे बूट बघता तो शेडमध्ये पहिल्यांदाच येत होता. मागच्या महिन्यात कोणी एक सर्वेवाला येऊन गठ्ठ्यांचे फोटो काढून गेला होता, ते कशासाठी, हे आता कळलं.

"ताई, हे सगळं तुम्ही जमवलंत? कमाल आहे," अभय म्हणाला. "आमच्या कंपनीला हे घ्यायचंय. समाजासाठी काहीतरी करावं म्हणून. किलोला नऊ रुपये देतो. शुक्रवारी तीन टेंपो पाठवतो, पैसे जागेवर."

अजिनाथनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. चाळीस किलोचा गठ्ठा, एकशेचोवीस गठ्ठे, चव्वेचाळीस हजार सहाशे चाळीस. त्याच्या चेहऱ्यावर मशीन बसलेलं दिसायला लागलं.

दगडाबाईंनी चहा मागवला. लंगड्या मेंढीला धष्टपुष्ट मेंढीचा भाव द्यायला कोणी घाईघाईनं आलं, तर आधी त्याला बसवून चहा पाजायचा, म्हणजे घाई कशाची आहे ते कळतं.

"शुक्रवारीच काहून, साहेब?"

"तसं काही नाही. टेंपो रिकामे आहेत."

"पुढच्या आठवड्यात नसत्यात व्हय रिकामे?"

अभय हसला. "ताई, तुम्ही लई कडक आहात."

"सोमवारी सोमवती अमावस्या हाय," दगडाबाई म्हणाल्या. "आमच्यात अमावस्येच्या तोंडावर कळप हलवत नायत. मंगळवारी न्या."

"अहो, पण हे गठ्ठे आहेत."

"तुमच्यासाठी."

अजिनाथ खाकरला. दगडाबाईंनी तिकडं पाहिलंच नाही. अभयनं घड्याळ पाहिलं, बूट पाहिले, आणि खेड्यातल्या म्हातारीशी अमावस्येवरून वाद घालण्यात शहाणपणा नाही, असं त्यानं ठरवलं. ती म्हातारी सोमवारी सभागृहात येऊन बसेल, हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं.

"ठीक आहे, मंगळवारी. पण साहेबांना दाखवायला आज एक गठ्ठा तरी द्या."

"एक न्या की. शकुनाचा."

गठ्ठा काट्यावर चढला. बरोबर चाळीस किलो. सुलेखानं पावतीपुस्तक उघडलं, कार्बन घातला, आणि सासूकडं पाहिलं.

"लिही," दगडाबाई म्हणाल्या. "मिशीवाल्या राजाच्या पाकिटांचा गठ्ठा एक. ह्यो माल खमंगराज कंपनीचाच हाय, आन् मालकानं ओळख पटवून नेला. भाव नऊ रुपये. अजून तसलेच सहा कोडी आन् तीन शेडात शिल्लक."

"एवढं सगळं?" अभय म्हणाला.

"आमच्याकडं मालकानं ओळख पटवल्याबिगर काय सोडत नायत, साहेब. उद्या वाघवाला आला आन् म्हणला, माझा गठ्ठा तुम्ही राजाला काहून दिला, तर मी कुठं तोंड दाखवू?"

गेटवर सही करावी तशी अभयनं सही केली.

"आन् शिक्का?"

"शिक्का कशाला ताई? तीनशे साठ रुपयांचा माल."

"जनावराला सुद्धा शिक्का असतो. कंपनीला नाय का?"

शिक्का गाडीत होता. चालक घेऊन आला. निळा, गोल, मधोमध पिळदार मिशा. दगडाबाईंनी तो उजेडात धरून मिशा नीट उमटल्यात का ते पाहिलं आणि पावती कमरेच्या पिशवीत घातली.

गाडी गेल्यावर अजिनाथ फुटला. "मावशी, दारात आलेलं गिऱ्हाईक अमावस्येवर घालवलं तुम्ही. आपल्या शंभर पिढ्यांत अशी अमावस्या मी ऐकली नाय."

"मीबी नाय ऐकली," दगडाबाई म्हणाल्या.

"मंगळवारी नाय आला तर?"

"तर पाडव्याला तू मुकादम हो."

शेडमधल्या बायांनी त्या दिवशी पाकिटं आपटत निवडली. चव्वेचाळीस हजार ही रक्कम बावीस जणींत वाटून प्रत्येकीनं मनात एकदा खर्च करून टाकली होती, आणि मनात खर्च झालेला पैसा हातून गेला की माणूस जास्त रुसतो.

सोमवारी सरकारी सभागृहात पंखे बंद आणि माइक चालू होता. पुढच्या खुर्च्यांवर कंपन्या, मागं संस्था, सगळ्यांत मागं दगडाबाई, सुलेखा, चतुराबाई आणि तोंड पाडून आलेला अजिनाथ. समोर सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम. चष्मा नाकावर, पुढ्यात कागदांचा ढीग, बोलणं कमी.

अभयची पाळी आली. त्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. हिरवी झाडं, हसणारी मुलं, हातात हात. मग म्हणाला, "मॅडम, शुल्काला आमचा विरोध नाही. पण आमची कंपनी स्वतःचं प्रत्येक पाकीट स्वतः परत उचलते. मी जबाबदारीनं सांगतो, या शहरात आमचं एकही पाकीट बेवारस पडलेलं नाही. त्यामुळं माफीचं कलम आहे तसंच राहावं."

"कोणाची हरकत?" मॅडमनी विचारलं.

सुलेखा उठायला लागली. दगडाबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः उठल्या. माइक त्यांच्यापर्यंत येत नव्हता. त्याची गरजही नव्हती. तीन शेतांपलीकडच्या मेंढीला हाक मारलेला तो आवाज होता.

"मॅडम, मी बाभूळबनची मुकादम, दगडाबाई. माझ्याकडं एक कोंडवाडा हाय."

पुढच्या रांगेतली दोन-चार डोकी मागं वळली. अभयचंही वळलं. आणि वळलं ते तसंच राहिलं.

"कोंडवाडा?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय. तुमच्या आमच्या लहानपणी असायचा तसाच. कोणाचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं की कोंडायचं. मालक आला की ओळख पटवायची, दंड भरायचा, जनावर न्यायचं. दंड कोण भरायचं? ज्याचं जनावर तो. ज्याचा ऊस खाल्ला त्याला कोणी दंड मागितला नाय कधी."

"दंड नाय आत्या, शुल्क," सुलेखा हळूच म्हणाली.

"शुल्क. तर ह्या साहेबांच्या मिशीवाल्या राजाची पाकिटं तीन साल आमच्या नाल्यात, गटारात, रस्त्यावर चरत होती. आम्ही धरून कोंडली. सहा कोडी आन् चार गठ्ठे."

"मॅडम, हे जुनं असेल," अभय उभा राहिला. "नाहीतर दुसऱ्या कंपनीचं. कशावरून आमचं?"

दगडाबाई पुढं चालत आल्या. मधल्या वाटेनं, सावकाश. वाट भरपूर होती आणि त्यांना ती पूर्ण वापरायची होती. कमरेच्या पिशवीतून पावती निघाली.

"मलाबी तोच इचार पडला व्हता, साहेब. म्हणून मालकालाच इचारलं. परवा बुधवारी आले, ओळख पटवली, एक गठ्ठा नेला. ही सही. ह्यो शिक्का. मिशा बघा मॅडम, नीट उमटल्यात."

मॅडमनी पावती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चष्मा नाकावरून थोडा खाली आला.

"ही सही तुमची?"

"आहे, पण मॅडम, तो फक्त नमुना म्हणून—"

"नमुन्याला तीन टेंपो लागत्यात व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी पाठवतो म्हणले. ह्या सुनावणीच्या आधी. मी अमावस्या सांगितली म्हणून राहिले."

हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढपर्यंत आलं. वाघवाल्या कंपनीचा माणूसही हसला, आणि मग आपलेही गठ्ठे तिथं असतील हे आठवून थांबला.

"इथं लिहिलंय, हा माल खमंगराज कंपनीचाच आहे आणि असे आणखी एकशेतेवीस गठ्ठे शिल्लक आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही आत्ता म्हणालात, एकही पाकीट पडलेलं नाही. दोन्हीपैकी कोणतं नोंदवू?"

अभयनं पडद्यावरच्या हिरव्या झाडांकडं पाहिलं. दगडाबाईंना तो क्षणभर त्रिंबक म्हाताऱ्यासारखा दिसला, दारात उभा असलेला. पण म्हाताऱ्याची त्यांना दया आली होती. याची आली ती थोडीच, आणि तीही बुटांची.

"गठ्ठ्यांतली पाकिटं किती जुनी आहेत, हे कळतं का?" मॅडमनी विचारलं.

"प्रत्येक पाकिटावर त्यांनीच महिना छापलाय. आमच्या लोकरीशी मिळवून बघा. हिरवी लोकर म्हंजी आषाढ, पिवळी म्हंजी दसरा."

"उद्या सकाळी मी शेडवर येते."

"या. मंगळवारी गठ्ठे हलवायला मी साहेबांना हो म्हणले व्हते," दगडाबाई म्हणाल्या, "तर ते बी येतीलच."

मॅडम आल्या. त्यांनी हिरवी लोकर सोडली, पिवळी सोडली, लाल सोडली. आतल्या पाकिटांवरचे महिने जसेच्या तसे जुळले. अभय आला नाही. टेंपोही आले नाहीत. अजिनाथनं त्या दिवशी रजिस्टरात नवा रकाना आखला आणि त्याला काय नाव द्यावं म्हणून बराच वेळ पेन चावत बसला.

कायदा फाल्गुनात झाला. माफीचं कलम राहिलं, पण त्याच्याखाली दोन ओळी आल्या होत्या. कंपनीनं नुसतं लिहून दिलेलं चालणार नाही. ज्या शहरात माल विकला, तिथल्या निवड-केंद्राच्या प्रमुखानं 'या कंपनीचा माल आमच्याकडं पडून नाही' अशी सही दिली तरच शुल्क माफ. नसेल तर किलोला चौदा रुपये, आणि ते ज्यानं सांभाळलं त्याला. सुलेखानं त्या ओळी शेडमध्ये तीनदा वाचून दाखवल्या. तिसऱ्या वेळी बायांनी 'प्रमुखानं' हा शब्द तिच्याबरोबर म्हटला.

"म्हंजी दर येळी साहेबाला मुकादमच्या सहीसाठी यावं लागणार?" चतुराबाईनं विचारलं.

"व्हय."

"आन् मुकादमला सही येत नाय."

"येती," दगडाबाई म्हणाल्या. त्यांनी सुलेखाकडून पेन घेतलं आणि कागदावर एक कान काढला, मेंढीचा, मधोमध चीर असलेला. "ही आमच्या कळपाची खूण. हिच्यावर कोणी कधी भांडलं नाय."

पाडव्याच्या चार दिवस आधी पांढरी गाडी परत आली. मागं तीन टेंपो. अभयचे बूट या वेळी साधे होते. त्यानं गठ्ठे मोजायला माणूस लावला, स्वतः वहीत लिहीत बसला, आणि चहा न मागता मिळाला तेव्हा उठून उभा राहिला.

"एकशेतेवीस," तो म्हणाला. "चाळीस किलोनं चौदा रुपये. अडुसष्ट हजार आठशे ऐंशी. चेक आणलाय. तुमची सही झाली की मागचा हिशेब मिटला."

अजिनाथनं चेक हातात घेतला. मग बाजूच्या बायांना दाखवला, मग परत स्वतः पाहिला. त्याच्या रजिस्टरात त्या रकान्याला आता नाव होतं: कोंडवाडा. मशीनची चौकशी त्यानं कधीच करून ठेवली होती. गठ्ठे गेले की मागच्या भिंतीला तेच बसणार होतं. एवढं होऊनही तो मावशीच्या तोंडाकडं बघत राहिला, कारण मावशीनं पेन उचललं नव्हतं.

"सहा कोडी आन् चार," दगडाबाई म्हणाल्या.

"ताई, तेवीस आहेत. तुमच्यासमोर मोजले."

"एक डिसेंबरात नेला की. शकुनाचा. त्याचे नऊनं पैसे दिले तुम्ही. चौदा पडत्यात."

अभयनं वहीकडं पाहिलं, सुलेखाकडं पाहिलं. सुलेखानं पावतीपुस्तकातली कार्बनची प्रत आधीच उघडून ठेवली होती.

"पाच रुपये, चाळीस किलो," दगडाबाई म्हणाल्या. "दोनशे. चहाचं नाय धरलं."

त्यानं खिशातून दोनशेची नोट काढली. दगडाबाईंनी ती चतुराबाईकडं दिली, बायांसाठी जिलेबी सांगितली, आणि मग पेन उचललं. कान नीट काढला. चीर मधोमध आली.

"आता न्या तुमचा राजा," त्या म्हणाल्या. "आन् अजिनाथ, त्या वाघवाल्याला फोन लाव. म्हणावं, मुकादम वाट बघतीया."